जपानला शिकायला जाताय? खोली, भाडं आणि महिन्याचा खर्च: सारखे विचारले जाणारे प्रश्न

जपानी भाषा शिकणाऱ्या मुलांकडून, इंजिनियरिंग करून मास्टर्सला जाणाऱ्यांकडून आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्यांच्या आईबाबांकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हिशोबासाठी १ येन म्हणजे ५५ ते ६० पैसे धरा, रेट वरखाली होत राहतो. मी सगळीकडे येनमध्येच बोलणार आहे कारण तिकडे गेल्यावर प्रत्येक गोष्टीला रुपयात गुणत बसलात तर पहिल्या आठवड्यात जेवणच बंद कराल.

महिन्याला नक्की किती लागतात? एक आकडा सांगा ना.

एक आकडा नाहीच आहे. शहर कुठलं आणि छप्पर कुठलं यावर सगळं ठरतं, बाकी खर्च सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच.

दोन टोकं सांगतो. दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरच्या बेप्पूसारख्या छोट्या गावात, युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलमध्ये किंवा जुन्या बिल्डिंगमधल्या खोलीत राहिलात तर भाडं ३० हजार, जेवण २५ ते ३० हजार (स्वतः बनवून), वीज-पाणी-गॅस ८ हजार, मोबाइल, विमा, साबण-पेस्ट, कधीतरी बाहेर खाणं असं सगळं धरून ८० ते ८५ हजार येनमध्ये महिना निघतो. टोकियोत २३ वॉर्डांच्या आत, म्हणजे मुख्य शहरात, स्वतःची एक खोली घेऊन राहिलात तर भाडंच ७० हजार, जेवण ३५, वीज वगैरे १०, ट्रेन ७, मोबाइल-विमा मिळून ५, वरखर्च १५, म्हणजे १ लाख ४० हजाराच्या आसपास. फरक कुठे पडला बघा. जेवणात पाच-दहा हजार वाचवायला लोक जीव काढतात पण ४० हजाराचा फरक भाड्यात बसलाय.

फी यात धरलेली नाही, ती खाली वेगळी सांगितलीय.

मग टोकियो टाळायचं का?

ज्या प्रोफेसरकडे किंवा ज्या कोर्सला जायचंय तो टोकियोत असेल तर जा, भाड्यासाठी प्रोफेसर बदलू नका. पण जपान म्हणजे टोकियोच असं डोक्यात घेऊन निघाला असाल तर जरा थांबा. सेंदाई, फुकुओका, सापोरो, हिरोशिमा इथे चांगल्या नॅशनल युनिव्हर्सिट्या आहेत आणि ४० ते ५० हजारात स्टेशनपासून चालत जाण्यासारखी खोली मिळते, सापोरोत त्याहून कमीतही मिळते (पण तिकडे हिवाळ्यात हीटिंगचं बिल येतं, ते विसरू नका). क्योतो, ओसाका मध्ये कुठेतरी, ४५ ते ६५ हजार. बेप्पूला रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक युनिव्हर्सिटी आहे, तिथे निम्म्याच्या आसपास विद्यार्थी परदेशी आहेत आणि बरेच कोर्स इंग्लिशमध्ये आहेत.

टोकियोतच राहायचं असेल तर शिबुया-शिंजुकूचं स्वप्न सोडा. एदोगावा, कात्सुशिका, आदाची हे वॉर्ड स्वस्त, किंवा पश्चिमेला हाचिओजीकडे, नाहीतर सरळ शेजारचे प्रांत सायतामा आणि चिबा. ट्रेनमध्ये ४०-५० मिनिटं गेली तर काय बिघडलं, डोंबिवली-सीएसएमटी केलेल्या माणसाला तेवढं काहीच वाटत नाही. फक्त शेवटची ट्रेन बघून ठेवा. रात्री बारा-साडेबाराच्या सुमाराला ट्रेन बंद होतात आणि मग टॅक्सीला जे पैसे जातात त्यात आठवड्याचा किराणा येतो.

लोक म्हणतात पहिल्या महिन्यातच दोन-तीन लाख येन जातात, खरंय का?

खरंय, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून इथे जरा वेळ घेतो. महिन्याचा खर्च बहुतेकांना झेपतो, माणूस आडवा होतो तो खोली घेताना एकरकमी जे द्यावं लागतं त्याने. ५५ हजार भाड्याची साधी खोली एजंटकडून घेतली असं धरू.

शिकिकिन म्हणजे डिपॉझिट, एक महिन्याचं भाडं, ५५ हजार. रेइकिन म्हणजे घरमालकाला खूश होऊन द्यायचे पैसे, हेही एक महिन्याचं, ५५ हजार, आणि हे दानपेटीत टाकल्यासारखं आहे, परत मागायचं नाही. एजंटची फी एक महिन्याचं भाडं अधिक टॅक्स, ६०,५००. पुढच्या महिन्याचं भाडं ॲडव्हान्स, ५५ हजार. गॅरंटर कंपनीला साधारण अर्ध्या महिन्याचं भाडं, २७,५०० (काही कंपन्या पूर्ण महिन्याचं घेतात). आगीचा विमा दोन वर्षांचा, १५ ते २० हजार. कुलूप बदलायचे पंधरा-सोळा हजार, हो, आधीच्या भाडेकरूकडे किल्ली असेल म्हणून कुलूप बदलतात आणि पैसे तुम्ही द्यायचे. बेरीज करा, पावणेतीन ते तीन लाख येन, म्हणजे रुपयात दीड लाखाच्या वर. आणि खोली अजून रिकामी आहे, आत एक बल्बही नाही.

म्हणून निघताना विमानाचं तिकीट आणि फी सोडून निदान ३ ते ४ लाख येन हाताशी लागतात असं मी प्रत्येकाला सांगतो. हॉस्टेल पक्कं असेल तर दीड लाखात भागेल. पार्टटाइमच्या पैशावर पहिला महिना काढू असं कुणी म्हणत असेल तर त्याला समजवा, काम शोधायलाच महिना जातो आणि पगार बहुतेक ठिकाणी त्याच्या पुढच्या महिन्यात येतो.

रेइकिन द्यायलाच लागतं का?

नाही. झिरो-झिरो म्हणजे शिकिकिन पण नाही आणि रेइकिन पण नाही अशा खोल्या भरपूर असतात, वेबसाइटवर तसा फिल्टर लावता येतो. पण काँट्रॅक्ट नीट वाचा, बहुतेक वेळा वर्षाच्या आत सोडली तर एक-दोन महिन्यांचं भाडं दंड, आणि जाताना क्लीनिंगचे ठरलेले तीस-चाळीस हजार असं आत कुठेतरी लिहिलेलं असतं. पहिला महिना फुकट अशी ऑफर असते तिथेही हेच. दोन वर्षं राहणारच असाल तर घ्या बिनधास्त.

एजंटची फीसुद्धा अर्धी घेणारे किंवा न घेणारे आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये घासाघीस करू नका, एप्रिलला जपानचं शैक्षणिक वर्ष आणि नोकऱ्या दोन्ही सुरू होतात, तुम्ही विचार करेपर्यंत दुसरा कोणी सही करून मोकळा होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बॅचला जाणाऱ्यांना मालक जरा ऐकून घेतात.

आणि एक, दोन वर्षांनी काँट्रॅक्ट रिन्यू करताना टोकियो आणि क्योतोकडे बऱ्याच ठिकाणी पुन्हा एक महिन्याचं भाडं घेतात. त्याला कोशिनर्यो म्हणतात. मास्टर्स दोन वर्षांचं आहे म्हणून सुटलो असं वाटतं, पण आधी सहा महिने रिसर्च स्टुडंट (डिग्रीला प्रवेश मिळण्याआधीचा विद्यार्थी) म्हणून राहिला असाल तर बरोबर त्यात सापडता.

युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल मिळतं का?

मिळालं तर डोळे झाकून घ्या. भाडं साधारण १५ ते ४० हजारांच्या मध्ये कुठेतरी, रेइकिन नाही, एजंट नाही, पलंग-टेबल-फ्रीज बहुतेक असतं आणि खाली ऑफिसमध्ये फॉर्म भरायला मदत करणारं कोणीतरी असतं. अडचण अशी की जागा कमी, बऱ्याच ठिकाणी लॉटरी, आणि मिळालं तरी सहा महिने किंवा एक वर्षच, नंतर बाहेर पडा. तरी ते एक वर्ष फार कामाचं असतं, कारण तेवढ्यात भाषा थोडी येते, बँक खातं, फोन नंबर सगळं तयार असतं आणि घर स्वतः जाऊन बघता येतं.

ॲडमिशनच्या मेलमध्येच हॉस्टेलच्या अर्जाची लिंक आणि तारीख असते. मुलं ॲडमिशनच्या आनंदात मेल अर्धवट वाचतात आणि तारीख जाते, हे दरवर्षी होतं. पूर्ण वाचा. टोकियोत ओदाइबाला जास्सोचं इंटरनॅशनल एक्स्चेंज सेंटर आहे, तेही युनिव्हर्सिटीमार्फत विचारा. जास्सो म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची सरकारी संस्था, परदेशी विद्यार्थ्यांच्या बऱ्याच गोष्टी तिच्याकडे आहेत.

शेअर हाऊस कसं असतं? मुलींसाठी सेफ आहे का?

स्वतःची छोटी खोली, किचन-बाथरूम-वॉशिंग मशीन कॉमन. टोकियोत ४५ ते ७० हजार, बहुतेक वेळा त्यात वीज, पाणी, वायफाय आलं, सुरुवातीला तीस-पन्नास हजार डिपॉझिट नाहीतर एंट्री फी, गॅरंटर लागत नाही आणि एक महिन्याची नोटीस देऊन निघता येतं. साकुरा हाऊस, ओक हाऊस अशा कंपन्या इंग्लिशमध्ये बोलतात आणि भारतात बसून बुकिंग घेतात. पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी माझ्या मते हाच सगळ्यात शहाणपणाचा रस्ता, मग आरामात घर शोधा.

फक्त मुलींची शेअर हाऊसं वेगळी असतात, दाराला कोड असतो, त्या बाबतीत काळजी नाही. डॉर्मिटरी म्हणजे बंक बेडवाली २५-३० हजाराची असतात तिथे मात्र अभ्यास होत नाही. आणि कॉमन किचनमध्ये आपण मोहरी-हिंगाची फोडणी घातली की वर कोणाची तरी खिडकी उघडल्याचा आवाज येतो, एक्झॉस्ट चालू करायची सवय लावून घ्या.

गॅरंटर कुठून आणायचा? आमचं तिकडे कोणीच नाही.

कोणाचंच नसतं. पूर्वी जपानी माणूसच हमीदार लागायचा, आता बहुतेक ठिकाणी गॅरंटर कंपनी चालते, तिला पैसे द्यायचे, ती हमी घेते. पुढे दरवर्षी दहा हजाराच्या आसपास घेत राहते. तरी अडीअडचणीला फोन करायला जपानमधला एक नंबर मागतात, त्यासाठी सीनियर किंवा लॅबमधल्या कोणाशी आधीच बोलून ठेवा.

आणि एक गोष्ट खूप जणांना माहीतच नसते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी घराचा एक विमा आहे, वर्षाला साधारण ४ हजार येन, तो घेतला की बऱ्याच युनिव्हर्सिट्या स्वतः तुमच्या हमीदार म्हणून सही करतात. इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन विचारायचं, न विचारता कोणी सांगत नाही.

परदेशी आहे म्हणून घर नाकारतात हे खरं का?

हो, खरं आहे. जपानच्या कायदा मंत्रालयाने परदेशी लोकांचा सर्व्हे केला होता, २०१७ मध्ये आला, त्यात घर शोधलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के लोकांनी सांगितलं की परदेशी म्हणून नकार मिळाला. एजंट तुमच्यासमोर मालकाला फोन लावतो, अत्यंत नम्रपणे बोलतो, फोन ठेवतो आणि तितक्याच नम्रपणे सांगतो की ही खोली जमणार नाही. वाईट वाटतं, पहिल्यांदा तर खूपच. पण त्यात अडकून बसायचं नाही, त्याच एजंटला म्हणायचं की परदेशी चालतात अशाच खोल्या दाखव. युनिव्हर्सिटीच्या को-ऑपमध्ये घर शोधून देणारा काउंटर असतो, तिथले मालक विद्यार्थ्यांना आणि परदेशी मुलांना सरावलेले असतात, तिथे हा त्रास बराच कमी.

दुसरा रस्ता यूआरचा. या अर्धसरकारी संस्थेच्या मोठाल्या वसाहती आहेत. रेइकिन नाही, एजंट फी नाही, रिन्यूअल फी नाही, हमीदार नाही, परदेशी म्हणून नाकारत नाहीत. डिपॉझिट दोन महिन्यांचं. उत्पन्न किंवा बँकेत ठरावीक शिल्लक दाखवावी लागते म्हणून एकट्या विद्यार्थ्याला जड जातं, पण दोघा-तिघांनी मिळून राहायचं असेल तर बघाच, शेअरिंगला परवानगी असलेली घरं आहेत. साध्या प्रायव्हेट खोलीत मात्र काँट्रॅक्टमध्ये नाव नसलेला मित्र आणून ठेवला तर काँट्रॅक्ट मोडल्यासारखं होतं. पुण्यात एका टूबीएचकेत सहा जण राहिलो ते तिकडे चालत नाही.

जाहिरातीत वन आर, वन के, सहा जो असं काय काय लिहितात, त्याचा अर्थ?

वन आर म्हणजे एकच खोली आणि त्यातच कोपऱ्यात ओटा. वन के म्हणजे खोली आणि ओटा यांच्यामध्ये दार. हे दार आपल्यासाठी फार महत्त्वाचं, नाहीतर रात्रभर फोडणीच्या वासात झोपायचं. दोन-तीन हजार जास्त गेले तरी वन केच घ्या. जो म्हणजे एका तातामी चटईएवढी जागा, सहा जो म्हणजे साधारण १० चौरस मीटर. स्टेशनपासून चालत १० मिनिटं लिहिलं असेल तर ते ८० मीटरला एक मिनिट या हिशोबाने, मधला चढ आणि सिग्नल त्यात धरत नाहीत.

बिल्डिंग १९८१ च्या जूननंतरच्या परवानगीची आहे का ते बघा, तेव्हापासून भूकंपाचे नवीन नियम लागू झाले. भाड्याशेजारी कान्रिही म्हणून तीन-पाच हजार वेगळे लिहिलेले असतात, म्हणजे मेंटेनन्स, ते मिळवूनच तुलना करा. आणि गॅस शहराच्या पाइपचा आहे की प्रोपेनचा हे विचारा, प्रोपेनचं बिल जवळपास दुप्पट येऊ शकतं.

एकाच बिल्डिंगमध्ये एकच खोली विचित्र स्वस्त दिसली तर तिथे आधी कोणाचा तरी मृत्यू झालेला असू शकतो. असं असेल तर एजंटने सांगायला हवं, २०२१ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भाड्याच्या घरासाठी साधारण तीन वर्षांपर्यंत. काही मुलं मुद्दाम अशा खोल्या घेतात, भाडं कमी आणि शेजारी शांत.

रिकाम्या खोलीत सामान कुठून आणायचं?

रिकामी म्हणजे खरंच रिकामी, दिवा नाही, पडदे नाहीत, गॅसची शेगडी नाही. नवीन घ्यायला गेलात तर फ्रीज, वॉशिंग मशीन, राइस कुकर, गादी यातच लाखभर येन जातात. त्यापेक्षा मार्चमध्ये पास होऊन जाणारे सीनियर सगळं फुकटात नाहीतर किरकोळ पैशात देऊन टाकतात कारण मोठ्या वस्तू टाकायलाच तिकडे पैसे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांचा ग्रुप असतो प्रत्येक युनिव्हर्सिटीत, जायच्या आधीच त्यात शिरा. नाहीतर हार्ड ऑफसारखी सेकंडहँड दुकानं, जिमोटी ॲप, आणि बारीकसारीक सगळं दाइसोमध्ये, शंभर येन अधिक टॅक्स.

भारतातून काय न्यायचं?

मिक्सर नेऊ नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे, आपला २३० चा मिक्सर तिथे नुसता घुरघुरतो. लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर न्या. कुकर जरूर न्या पण स्टीलचा, इंडक्शन बेसचा, कारण हॉस्टेल आणि नवीन खोल्यांत शेगडी इंडक्शनची असते आणि आईचा ॲल्युमिनियमचा हॉकिन्स तिच्यावर तापतच नाही. तव्याचंही तेच.

गोडा मसाला, लाल तिखट, हळद नीट पॅक करून न्या. ताजा कढीपत्ता, फळं, रोपं-बिया सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत, मांसाचे पदार्थ तर अजिबात नाहीत. चिकन लोणचं असल्या गोष्टी बॅगेत टाकून रिस्क घेऊ नका.

जेवणाला किती? आणि मी शुद्ध शाकाहारी आहे.

स्वतः बनवलंत तर २५ ते ३५ हजार. ग्योमू सुपर, ओके स्टोअर ही स्वस्त सुपरमार्केटं, फ्रोझन भाज्या आणि मोठी पाकिटं ग्योमूमध्ये. मोड आलेले मूग तीस-चाळीस येनला पाकीट, तोफू पन्नास-शंभर, दहा अंडी अडीचशे-तीनशे. भेंडी मिळते, ओकुरा म्हणतात तिकडे, पण जाळीत आठ-दहा नगच. फळं महाग, केळी सोडून. संध्याकाळी सात-आठनंतर तयार पदार्थांवर २० टक्के, मग निम्म्या किमतीचे स्टिकर लागतात, तेव्हा तिथे घुटमळणारे निम्मे आपल्यासारखे विद्यार्थीच असतात.

तांदळाचं मात्र अवघड झालंय. २०२५ मध्ये ५ किलोच्या पिशवीची किंमत ४ हजार येनच्या वर गेली, आधीच्या वर्षी तीच साधारण निम्म्याला होती. जुने ब्लॉग बघून बजेट केलं असेल तर इथे चुकतं.

शाकाहारींसाठी खरं सांगतो, बाहेर खाणं कठीण आहे. नुसत्या भाजीचं दिसणारं मिसो सूप, उदोन, सगळ्यांत दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो. काही युनिव्हर्सिटी कॅन्टीनमध्ये हलाल आणि व्हेज काउंटर झालेत, पण घरी बनवणं हाच उपाय. डाळी, कणीक, पोहे, रवा टोकियोत निशिकासाईला आणि शिन-ओकुबोच्या मसाल्याच्या गल्लीत मिळतात, बाकी गावांत ऑनलाइन मागवायचं, सीनियर लोक एकत्र ऑर्डर करून डिलिव्हरी वाचवतात. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला मात्र जपानात मजा आहे, बांगडा साबा नावाने स्वस्तात मिळतो, जात थोडी वेगळी पण तिखट लावून तळला की भागतं.

पार्टटाइम करून सगळा खर्च निघतो का?

राहण्याखाण्याचा बराचसा निघू शकतो, फी नाही. विद्यार्थी व्हिसावर कामाची वेगळी परवानगी लागते, ती पहिल्यांदा उतरताना एअरपोर्टवरच फॉर्म भरून मिळते, विमानातच भरून ठेवा. मर्यादा आठवड्याला २८ तास, आणि हा आठवडा सोमवार ते रविवार असा नाही, कुठलेही सलग सात दिवस मोजले तरी २८ च्या आत हवेत, दोन ठिकाणी काम करत असाल तर दोन्ही मिळून. कॉलेजच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तास चालतात. बार-क्लब टाइप जागा, पाचिंको (जुगाराच्या मशीनचे अड्डे), यात काम अजिबात नाही, भांडी घासायचंही नाही.

टोकियोत किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन, सगळ्यात कमी असलेल्या प्रांतांत १,०२३. टोकियोत आठवड्याला १८ तास केलंत तर महिन्याला ८८ हजाराच्या आसपास. कागदावर २८ तासांचा हिशोब छान दिसतो, १ लाख ३७ हजार, पण मास्टर्सची लॅब करून तेवढं कोणाला जमत नाही. भाषा येत नसेल तर रात्री फॅक्टरीत डबे भरणं किंवा गोडाऊन, एन३ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची मधली लेव्हल) पर्यंत भाषा आली की कॉन्बिनी म्हणजे कोपऱ्यावरची चोवीस तास चालणारी दुकानं, रेस्टॉरंट. म्हणून पुण्यात असतानाच जेएलपीटीची एखादी लेव्हल वर काढा, क्लासची फी तिकडच्या पहिल्या दोन महिन्यांत वसूल होते.

२८ तासांच्या वर हातात रोख पैसे देतो म्हणणारे भेटतात. नका करू. व्हिसा वाढवताना टॅक्सचे कागद मागतात आणि तिथे सापडलेली मुलं परत आलेली आहेत.

फी आणि स्कॉलरशिप?

नॅशनल युनिव्हर्सिटीची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि एकदाच प्रवेश फी २,८२,०००. टोकियो युनिव्हर्सिटीने २०२५ पासून बॅचलर्सची फी ६,४२,९६० केली. प्रायव्हेटला याच्या दीड-दोनपट किंवा जास्त. नॅशनलमध्ये फी माफीचा अर्ज असतो, अर्धी किंवा पूर्ण माफ होऊ शकते, दर सेमिस्टरला विचारा.

मेक्स्टची म्हणजे जपानच्या शिक्षण मंत्रालयाची सरकारी स्कॉलरशिप मिळाली तर फी माफ, विमान तिकीट आणि बॅचलर्सला महिन्याला १ लाख १७ हजार, मास्टर्सला १ लाख ४४ हजार. टोकियोतसुद्धा नीट जगता येतं. स्वतःच्या पैशाने गेलेल्यांसाठी जास्सोची महिन्याला ४८ हजाराची आहे, ती युनिव्हर्सिटीमार्फत.

विमा आणि पेन्शनची पत्रं येतात म्हणे?

पत्ता पक्का झाल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसमध्ये नोंदणी करायची, तेव्हाच आरोग्य विमा होतो. पहिल्या वर्षी उत्पन्न नसल्यामुळे बऱ्याच ठिकाणी महिन्याला दीड-दोन हजार येन, आणि दवाखान्यात ३० टक्केच द्यायचे. पुढच्या वर्षी उत्पन्न शून्य असलं तरी ते कळवायचं, नाहीतर हप्ता वाढून येतो.

वय २० पूर्ण असेल तर पेन्शनचं पत्र येणारच, महिन्याला १७,९२० येन (२०२६-२७ चा दर). बघून घाबरू नका आणि पत्र कचऱ्यातही टाकू नका, विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा फॉर्म आहे, दरवर्षी भरायचा.

मोबाइल, बँक, सायकल?

मोबाइल: लाइनमो किंवा राकुतेन, ३ जीबी हजार येनच्या आसपास, ३० जीबी हवं तर आहामो २,९७०. मोठ्या दुकानात जाऊन सहा-सात हजाराचा प्लॅन घेऊ नका.

बँक: पहिले सहा महिने बऱ्याच बँका नाही म्हणतात, पोस्टाची यूचो बँक उघडते. तोवर रोख रक्कम जवळ ठेवा.

सायकल घ्याच, सेकंडहँड आठ-दहा हजारात, पण स्वतःच्या नावावर नोंदणी करून. नोंदणी नसली आणि पोलिसांनी थांबवलं (थांबवतात) तर चोरीची नाही हे सिद्ध करत बसायचं. एप्रिल २०२६ पासून सायकलवाल्यांनाही दंडाची पावती लागू झाली, फोन हातात धरून चालवू नका. ट्रेनचा विद्यार्थी पास डिग्रीवाल्यांना मिळतो, रिसर्च स्टुडंट आणि बऱ्याच लँग्वेज स्कूलवाल्यांना नाही, तो फरक धरून घर निवडा.

तिकडे मराठी माणसं भेटतात का?

टोकियोत भरपूर. एदोगावा वॉर्डातलं निशिकासाई म्हणजे भारतीयांची वस्तीच, २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक तिथून वॉर्ड कौन्सिलवर निवडून आले, मराठीच. टोकियो मराठी मंडळाचा गणपती असतो. पण निशिकासाईतली कुटुंबं आयटीतली, पगारवाली, तिथलं भाडं बघून विद्यार्थ्यांनी तिथे राहायचा हट्ट करू नये, दोन स्टेशन पुढे जा आणि रविवारी किराणा आणायला या.

सोडून जाताना डिपॉझिट परत मिळतं का?

पूर्ण क्वचितच, पण गप्प बसलात तर काहीच नाही. रोजच्या वापराने झालेली झीज, उन्हाने पिवळा पडलेला वॉलपेपर, फ्रीजच्या मागचा काळा डाग, हे भाडेकरूने भरायचं नाही, २०२० च्या सुधारित नागरी कायद्यातही ते आलंय. तुमच्यामुळे झालेलं मात्र भरावं लागतं: सिगरेट, भिंतीला भोकं, पुसलीच नाही म्हणून वाढलेली बुरशी (जूनच्या पावसात खिडकीपाशी आणि कपाटात बघत राहा), आणि ओट्यामागचा तेलकट थर, आपल्याकडे हेच निघतं. शेगडीमागे चिकटवायचा ॲल्युमिनियमचा पत्रा दाइसोत मिळतो, पहिल्याच दिवशी लावा.

आत जाताना रिकाम्या खोलीचे फोटो काढा, प्रत्येक ओरखड्याचा, तारीख दिसेल असे, आणि एजंटला मेल करून ठेवा. माझ्या ओळखीच्या एकाला एका एजन्सीने जमिनीवरच्या ओरखड्यांसाठी ६० हजाराचं बिल लावलं होतं, त्याने दोन वर्षांपूर्वीचा मेल पुढे केला, बिल क्लीनिंगपुरतं राहिलं. नोटीस एक महिना आधी, काही काँट्रॅक्टमध्ये दोन महिने. मोठं सामान टाकायची अपॉइंटमेंट महापालिकेकडून दोन-तीन आठवडे आधी घ्यायची, मार्चमध्ये त्याच्याही आधी, आणि जपानी बँक खातं डिपॉझिट जमा होईपर्यंत बंद करू नका, कारण ते पैसे खोली सोडल्यावर महिन्याभराने येतात आणि तोवर तुम्ही मुंबईत उतरलेले असता.